ब्लॅक बुकमधला रोबो

नारायण पेठेत माझं डीटीपी आणि बाइंडिंगचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, एखाद्या मंडळाची स्मरणिका असं काही ना काही वर्षभर चालू असतं. पण खरी झुंबड मार्च-एप्रिलमध्ये, इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ब्लॅक बुकांची, म्हणजे प्रोजेक्टच्या काळ्या बांधणीतल्या अहवालांची. 'अडथळा टाळणारा रोबो' या विषयाची गेल्या अठरा वर्षांत चाळीसेक ब्लॅक बुकं तरी मी जुळवली असतील. तीच ब्लॉक आकृती, तोच जोडणीचा नकाशा, शेवटी परिशिष्टात तोच प्रोग्रॅम. एचसी-एसआर०४ हे त्यातल्या, आवाजाने अंतर मोजणाऱ्या सेन्सरचं नाव मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण रोबो चालताना एकदाही पाहिला नव्हता. मुलं सोनेरी अक्षरांचं काळं पुस्तक घेऊन जातात, रोबो कॉलेजात राहतो.

गेल्या जूनमध्ये काम थंड होतं. मनात आलं, की इतकी वर्षं जिचं लग्न लावतेय ती नवरी एकदा बघावी तरी.

माझं शिक्षण बी.ए. मराठी. प्रोग्रॅमिंग शून्य. दुपारी अप्पा बळवंत चौक ओलांडून चालत तपकीर गल्लीत गेले. (गाडी नेण्याचा विचारही करू नका. लावायला जागा मिळेपर्यंत दुकान बंद व्हायची वेळ होते.) दुकानदाराने यादी पाहिली आणि विचारलं, "काकू, मुलगा कितवीला आहे?"

"मुलगा नोकरीला लागला. मलाच हवंय."

तो क्षणभर थांबला. "मग सेल चांगले घ्या," म्हणाला. सल्ला पुढे खरा ठरला. अर्दुइनो ऊनो या, प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या सर्किटची नक्कल असलेला बोर्ड, मोटरी चालवणारं एल२९८एन, पिवळ्या गिअरमोटरी दोन, सेन्सरची मान फिरवणारी सर्वो मोटर, १८६५० मापाचे दोन सेल, चार्जर, वायरींची जुडी. सगळे मिळून साडेअठराशे.

जोडणीचं फार सांगत नाही, ती एका संध्याकाळी झाली. ॲक्रिलिकच्या पट्टीवरचा तपकिरी कागद सोलण्यातच निम्मा वेळ गेला. आमच्याकडे बाइंडिंग करणारे मामा आहेत, त्यांनी दाभणाने तो कडेने उचलून दिला. "ताई, हे चालणार का?" त्यांनी विचारलं. नकाशा मीच काढलेला होता, म्हणून 'चालणार' म्हणाले.

अर्दुइनो मुळात २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालं, इंजिनिअरांसाठी नाही. हे वाचून मला धीर आला होता. तो धीर पहिल्या रात्री साडेदहापर्यंत टिकला. बोर्ड कॉम्प्युटरला जोडला, त्यावरचा दिवा लागला, पण प्रोग्रॅम पाठवायच्या यादीत पोर्टच दिसेना. दोन तास सगळं काढून-घालून पाहिलं. दोष केबलचा होता. ती मोबाइल चार्जरबरोबर आलेली. तिच्यात वीज नेणाऱ्या दोनच तारा, माहिती नेणाऱ्या नाहीत. दिवा लागतो म्हणजे केबल ठीक, हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

दुसरी, माहितीही नेणारी केबल लावली. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं त्रिकोणी चिन्ह आलं. मी त्याला प्रगती समजले, आणि ती होतीच. ऑफसेटच्या प्लेटवरचे ठिपके बघायचं भिंग माझ्याकडे असतं, ते बोर्डावर ठेवलं. यूएसबीच्या तोंडाशी जी छोटी चिप आहे तिच्यावर सीएच३४०जी असं कोरलेलं. मूळ ऊनोवर तिथे वेगळी चिप असते. स्वस्त नकलांवर बहुतेक ही. हिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. टाकला, आणि यादीत कॉम ५ हा पोर्ट उगवला.

पहिला प्रोग्रॅम सगळे दिवा लुकलुकवण्याचा टाकतात. मीही टाकला, दिवा लुकलुकला, मामांना हाक मारून दाखवला. मग शंका आली: हा आधीपासूनच लुकलुकत नव्हता ना? होता. पुष्कळ बोर्ड तोच प्रोग्रॅम भरून विकायला येतात. म्हणून त्यातला १००० हा आकडा १०० केला आणि पुन्हा पाठवला. दिवा भराभर उघडझाप करू लागला. आता तो माझा होता. तेव्हापासून सवयच लागली. काहीही पाठवलं की त्यात एक मुद्दाम केलेला, डोळ्यांना दिसणारा बदल ठेवायचा. प्रूफ दुरुस्त होऊन आलंय की जुनंच परत आलंय हे बघायला आम्ही पहिल्या पानावर खूण करतो, तसं.

फर्मवेअर हा शब्द मी शेकडो वेळा टाइप केला असेल, अर्थ त्या रात्री कळला: चिपमध्ये भरून ठेवलेला प्रोग्रॅम. बोर्डावरच्या मुख्य, मोठ्या काळ्या चिपमध्ये ३२ केबी जागा आहे. त्यातल्या कोपऱ्यात अर्ध्या केबीचा एक इवलासा प्रोग्रॅम कायम बसलेला असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. बोर्ड रीसेट झाला की तो क्षणभर कान देतो: कुणी नवं काही पाठवतंय का? पाठवत असेल तर ते उतरवून घेतो, नसेल तर जुनंच चालू करतो. वीज गेली तरी उतरवलेलं राहतं.

मग मुख्य प्रोग्रॅम. तो माझ्याकडे होताच. एका जुन्या ब्लॅक बुकाच्या फायलीतलं परिशिष्ट उघडलं, प्रोग्रॅम उचलून चिकटवला आणि तपासायचं बटण दाबलं. खाली लाल अक्षरांचा पाऊस. 'स्ट्रे \३४२ इन प्रोग्रॅम', त्याखाली \२००, त्याखाली \२३४, परत \३४२... पुढे पानभर.

इंजिनिअरिंगच्या कुणाला फोन करणार होते, पण मग वाटलं, आधी नीट वाचून तरी बघू. वाचणं हाच माझा धंदा. सगळ्या चुका ठरावीक ओळींवरच होत्या, आणि त्या प्रत्येक ओळीत पडद्यावर छापायचा काही मजकूर होता. मजकुराआधी तीन चुका, मजकुरानंतर तीन. आधी काय आहे? अवतरणचिन्ह. फाँट मोठा करून पाहिलं आणि हसूच आलं. चिन्हं वाकडी होती. छपाईत शोभतात ती, आत वळलेली, गोलसर. प्रोग्रॅमला लागतं सरळ, उभं, टाइपरायटरचं. वाकडं चिन्ह कॉम्प्युटर तीन बाइटांत साठवतो, म्हणून एका चिन्हामागे तीन चुका.

आणि ती वाकवली कुणी होती? मीच. इतकी वर्षं येणाऱ्या प्रत्येक फायलीतली 'गावठी' सरळ चिन्हं शोधून मी छपाईची करत आलेय, परिशिष्टासकट. वजाचं चिन्ह दिसलं की त्याची छान लांब रेघ. ओळीच्या सुरुवातीचं अक्षर वर्डने कॅपिटल केलं तर ते तसंच. त्या पुस्तकांतला एकही प्रोग्रॅम कुणी उतरवून घेतला असता तर चालला नसता. कुणी तक्रार केली नाही, यावरून परिशिष्टं किती वाचली जातात ते कळतं.

शोधा-बदला करून सगळं निस्तरलं. सेन्सरचं मोजमाप पडद्यावर मागवलं, तर चौकटी, उलटी प्रश्नचिन्हं आणि कसलीतरी फुलं आली. इथे मात्र मी पाच मिनिटांत पार. श्रीलिपीची फाइल फाँट नसलेल्या मशीनवर उघडली की जे दिसतं ते मी रोज बघते. मजकूर बरोबर असतो, वाचणारा चुकीच्या हिशेबाने वाचत असतो. प्रोग्रॅम बोलत होता ११५२०० च्या वेगाने, खिडकी ऐकत होती ९६०० ने. एक आकडा बदलला आणि सेंटिमीटर ओळीने उतरले.

सेन्सरने एकदाच छळलं. समोर भिंत नसली की गाडी जागेवरच थबकायची. प्रोग्रॅम प्रतिध्वनीची वीस मिलिसेकंद वाट बघत होता. तेवढ्यात आवाज साडेतीन मीटरवर जाऊन परत येतो. त्यापुढे काही असेल तर उत्तर ०. आणि ० म्हणजे वीस सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे थांब! रस्ता मोकळा आहे म्हणून ती घाबरत होती. शून्य आलं तर 'मोकळं' समज, अशी ओळ घातली.

गाडी धावली. फार धावली. रद्दीच्या ढिगावर आपटली, मग मामांच्या खळीच्या डब्यावर. वेग पूर्ण ठेवलेला होता, २५५. मी तो १५० केला, आणि इथून पुढे आठ दिवस गेले.

वेग कमी केला की उजवं चाक मेलेलं. गाडी एकाच जागी गरगर फिरायची, शिवाय सेन्सरची मान मध्येच झटका द्यायची. "ताई, हिला वारं आलं," मामा म्हणाले. २५५ केलं की दोन्ही चाकं ठणठणीत. म्हणजे मोटर चांगली, वायर चांगली, सेल भरलेले. तरीही मी मोटरींची अदलाबदल केली. आता डाव्या बाजूची मोटर उजवीकडे मेली. मग एल२९८एनवर संशय. परत तपकीर गल्ली, नवं एल२९८एन, घरी येऊन तेच रडगाणं.

शेवटी मल्टिमीटर घेऊन बसले. उजव्या चाकाचा वेग बोर्डाच्या ९ नंबरच्या पिनवरून जात होता. २५५ ला पिनवर पाच व्होल्ट. १५० ला साधारण तीन यायला हवे होते, आले शून्य. म्हणजे गडबड एल२९८एनच्या अलीकडे, बोर्डातच किंवा प्रोग्रॅममध्ये. मग प्रोग्रॅममधली एकेक ओळ, आधी दोन तिरप्या रेघा देऊन, गप्प करत गेले. एका वेळी एकच. सर्वो जोडण्याची ओळ गप्प केली आणि मीटरने दाखवलं २.९.

सर्वोचा आणि ९ नंबरचा संबंध काय? सर्वो तर १२ वर होती! उत्तर सर्वो लायब्ररीच्या (सर्वो चालवणाऱ्या तयार प्रोग्रॅमच्या) माहितीत एका वाक्यात लिहिलेलं आहे: ऊनोसारख्या बोर्डांवर ही लायब्ररी वापरली की ९ आणि १० वरचं वेग-नियंत्रण बंद पडतं, मग त्या पिनांना सर्वो जोडलेली असो वा नसो. चिपमध्ये या वेग-नियंत्रणाची लय धरणारे तीन टायमर आहेत. ५-६ ची जोडी एकाकडे, ९-१० दुसऱ्याकडे, ३-११ तिसऱ्याकडे. सर्वो तो मधला टायमर स्वतःकडे घेते. आमचं कटिंग मशीन मामांनी घेतलं की मला मिळत नाही, तसं. २५५ ला मात्र टायमर लागतच नाही, पिन नुसती चालू करून ठेवायची, म्हणून पूर्ण वेगात सगळं सुरळीत.

९ वरची वायर काढून ६ वर लावली, प्रोग्रॅममध्ये ९ चा ६ केला. एक वायर, एक आकडा. गाडी टेबलाखालून सावकाश निघाली, कागदाच्या रिमापुढे थांबली, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि मोकळी बाजू धरून पुढे गेली. मामांनी हातातली सुई खाली ठेवली.

रात्री जुन्या फायली उघडून पाहिल्या. नकाशात ९ नंबर कुणी पहिल्यांदा घातला माहीत नाही, पण त्यानंतरच्या एकूण एक पुस्तकांत तोच आहे. आणि वेग सगळीकडे २५५.

यंदा मार्चमध्ये एक मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन आली. तोच विषय, चार प्रती, सोनेरी अक्षरं. परिशिष्टातली अवतरणचिन्हं मी सरळच ठेवली. नकाशावर आले आणि राहवलं नाही.

"ही नऊवरची मोटर, वेग कमी करून चालवून पाहिलीस का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "काकू, उद्या सबमिशन आहे. संध्याकाळपर्यंत मिळेल ना?"