डर्ट बाइकच्या प्लास्टिकवरचा चिकटा

रविवार, ऑक्टोबर

पावसाळ्यातल्या चिखलाच्या राइड्स आटोपल्या, की ग्राफिक्स, म्हणजे पॅनलवरचे मोठे स्टिकर, बदलायचे दिवस येतात. प्रेशर वॉशरने स्टिकरच्या कडा आधीच उचललेल्या असतात आणि त्याखाली लाल माती शिरलेली असते. ओढायला गेलं की विनाइल, म्हणजे स्टिकरचा वरचा प्लास्टिकचा पापुद्रा, हातात येतं, गोंद पॅनलवरच राहतो. मग बहुतेकांचा हात पेट्रोलच्या बोळ्याकडे जातो. तो जाऊ नये, एवढ्यासाठी हे पान.

आधी पॅनल उतरवून उलटं करायचं. आतल्या बाजूला साच्यातच उठवलेली अक्षरं असतात: पीपी, एबीएस, पीसी. डर्ट बाइकचे मडगार्ड आणि साइड पॅनल बहुधा पीपीचे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्यांचा रंग प्लास्टिकच्या आतच मुरलेला असतो. रंग मारलेले पॅनल बऱ्याचदा एबीएसचे निघतात. हेडलाइटची काच पीसीची, म्हणजे पॉलिकार्बोनेटची. खूण सापडली नाही, तर आतल्या कडेचा नखाएवढा पापुद्रा कापून पाण्यात टाकावा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालायचा, नाहीतर पापुद्रा पृष्ठताणावरच तरंगत राहतो. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. जीपच्या बंपरवर किंवा क्लॅडिंगवर, म्हणजे कडेच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर, ही परीक्षा लावू नये. तिथे पीपीमध्ये टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड, मिसळलेलं असतं, खूण ‘पीपी+ईपीडीएम-टीडी२०’ अशी असते आणि ते बुडू शकतं.

ही ओळख पटल्याशिवाय बाटलीचं बूच उघडू नये. एनसी थिनर (रंग पातळ करायचं द्रावण) किंवा अ‍ॅसिटोनने एबीएस विरघळतं, फडकं फिरताच चकाकी जाते आणि पृष्ठभाग चिकट होतो. ‘अ‍ॅसिटोन नाही’ असं लिहिलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरवरही भरवसा नको, त्यात अनेकदा एथिल अ‍ॅसिटेट असतं आणि एबीएसला तेही चालत नाही. पेट्रोलचं नुकसान उशिरा दिसतं. पीपी त्याने फुगतं. एबीएसमध्ये बोल्टच्या भोकाभोवती, जिथे आधीच ताण असतो, तिथे केसासारखे तडे जातात. ते त्याच दिवशी दिसतीलच असं नाही. नंतर कधीतरी बोल्ट आवळताना कोपरा तुटून हातात येतो आणि खापर बोल्टवर फुटतं. पॉलिकार्बोनेटच्या काचेवर तर साबणपाण्यापलीकडे काही नको. फार तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही लगेच पुसून.

आता मुख्य काम. गोंद मागे राहतो तो बहुतेक वेळा ओढण्याच्या चुकीमुळे. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं. उन्हातान्हात ते हळूहळू गोंदात उतरतं. विनाइल कडक होऊन त्याचे तुकडे पडू लागतात आणि गोंद ढिला होतो. अशा स्टिकरला झटका दिला की विनाइल फाटतं. फार तापवला तर गोंद काकवीसारखा होतो, त्याची स्वतःचीच पकड सुटते आणि अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचे स्टिकर काढले की चिकटा दुप्पट राहतो, तो याचमुळे.

पॅनल सावलीत घ्यावं. हेअर ड्रायर पुरतो. हीट गनच वापरायची असेल तर सर्वात कमी आचेवर, वीतभर अंतरावरून आणि सतत हलती ठेवून. तळहाताला चांगलं गरम लागावं, चटका बसू नये, म्हणजे साधारण ५० अंश. एका वेळी चार बोटं रुंदीची पट्टीच तापवायची. कोपरा नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचलायचा. स्टिकर त्याच्याच अंगावर मागे दुमडून, पॅनलला जवळजवळ समांतर, सावकाश ओढायचा. सावकाश म्हणजे खरोखर सावकाश: सेकंदाला काही मिलिमीटर. वेग बरोबर असेल तर सुटणाऱ्या रेषेवर गोंदाचे बारीक तंतू ताणलेले दिसतात आणि ते स्टिकरबरोबर निघून येतात. तंतू पॅनलच्या बाजूने तुटू लागले तर आच जास्त झाली आहे, थोडं निवू द्यावं. करकर आवाज येऊन विनाइल फाटायला लागलं तर आच कमी आहे.

स्टीलचं ब्लेड पीपीवर नको. प्लास्टिक मऊ असतं, एका ओरखड्यात खाच पडते आणि तिच्यात पुढे कायम चिखल बसतो.

उरलेल्या चिकट्यासाठी पेंटच्या दुकानात मिळणारं एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, पीपीवर चांगलं चालतं. हीट गन बंद होऊन थंड झाल्याशिवाय ते जवळ आणू नये. हातात नायट्राइल मोजे, काम मोकळ्या हवेत. सुती फडकं ओलं करून चिकट्यावर नुसतं ठेवायचं, वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म झाकायची म्हणजे उडून जात नाही, आणि पाच मिनिटं थांबायचं. मग कार्डाने खरवडून काढायचं. गोल गोल घासल्याने गोंद फक्त पसरतो. कडेकडून आत पुसावं आणि दर वेळी फडक्याची नवी घडी घ्यावी. एबीएसवर आणि रंगावर आयसोप्रोपिलच बरं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. त्याने वेळ जास्त लागतो, पण पॅनल वाचतं. निलगिरी तेल चिकटा छान सोडवतं, मात्र आधी आतल्या बाजूला ठिपका लावून बघावं. खरखरीत काळ्या क्लॅडिंगवर कार्ड दाण्यांत पोचत नाही, तिथे मऊ टूथब्रशच हवा.

कंपनीचा स्टिकर असेल आणि नखाला त्याची कड लागत नसेल, तर तो बहुधा क्लिअरकोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, खाली आहे. त्याच्या मागे लागू नये.

चिकटा गेल्यावर जुन्या स्टिकरवरच्या नंबराचा आकार तसाच दिसत राहतो. तो गोंद नव्हे. झाकलेला भाग उन्हापासून वाचला आणि आजूबाजूचं प्लास्टिक विटलं, एवढंच. कितीही सॉल्व्हंट चोळलं तरी तो जात नाही. रंग न मारलेल्या गुळगुळीत पीपीवर ४००, ८००, १५०० अशा पाणकागदांनी ओलं घासलं तर विटलेला थर निघतो, पण चकाकी पूर्ण परत येत नाही. नवं ग्राफिक्स बसणार असेल तर तेवढीही मेहनत घेऊ नये.

रात्री, राहिलेलं:

टाकी. डर्ट बाइकची टाकी बऱ्याचदा पॉलिइथिलीनची असते आणि पेट्रोलची वाफ त्या भिंतीतून हळूहळू बाहेर झिरपते. टाकीवरच्या स्टिकरखाली बुडबुडे येतात ते त्यामुळे. म्हणून टाकीच्या ग्राफिक्सला बारीक भोकं हवीत. आणि टाकी गाडीवर असताना, किंवा नुसती रिकामी केलेली असतानाही, तिच्यावर हीट गन कधीच धरू नये. रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची. तिथले स्टिकर गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने शेकायचे.

नवं बसवण्याआधी साबणपाणी, मग आयसोप्रोपिल, मग कोरडं फडकं. डब्ल्यूडी-४० किंवा सिलिकॉन पॉलिशचा अंश राहिला तर कड आठवड्यात उचलते, कारण पीपीवर मुळातच काही धड चिकटत नाही. स्टिकर डर्ट बाइकसाठीच्या जाड, जास्त चिकट गोंदाचा घ्यावा, कडा तापवून अंगठ्याने दाबाव्यात आणि निदान २४ तास गाडी धुऊ नये.