विंगेत उभे आईबाप

बुधवार, रात्री उशिरा

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून बाहेर पडलेली माझी ११ वर्षांची विद्यार्थिनी आज पुन्हा क्लासला आली. सा लावायच्या आधीच म्हणाली, "बाई, घरी सगळे इतके रडले, की माझं रडायचं राहूनच गेलं." थोड्या वेळानं हळूच, "तुम्ही पप्पांना सांगा ना, मला तेवढं वाईट नाही वाटलं म्हणून."

मला काही सुचेना. भूप रागाचे आरोह-अवरोह घ्यायला लावले. सूर स्वच्छ लागत होता तिचा, पण प्रत्येक आवर्तनानंतर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पूर्वी असं बघायची नाही, डोळे मिटून गायची.

तिच्या वडिलांना मी तिच्या जन्माआधीपासून ओळखते. गावच्या भजनात पेटी वाजवायचे, आणि फार गोड वाजवायचे. पोरीची निवड झाली तशी नोकरी सोडून तिच्याबरोबर मुंबईला गेले. फोंड्याच्या बाजारात लोक त्यांना थांबवून हात मिळवू लागले, जत्रेच्या नाटकाला पुढच्या रांगेत बसवू लागले. त्यांना हे सुख मिळालं याचा मला खरंच आनंद होता. उभा जन्म साथीला बसलेल्या माणसाला कुणीतरी समोर आणून बसवलं होतं. पण त्या दिवसांत घरातली पेटी बंद झाली, ती अजून उघडलेली नाही. पोर हरली याहून मला हे जास्त लागतं. तिचं गाणं थांबलं तर आता त्या घरात दुसरं गाणंच उरत नाही, आणि ११ वर्षांच्या पोरीला ते कळतं.

संध्याकाळभर मोगूबाई डोळ्यांसमोर होत्या. कुर्डीच्या मोगूबाई, जयपूर घराण्याच्या थोर गायिका. गोव्यातल्या साळावलीच्या धरणात गेलेलं ते गाव उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. सोमेश्वराचं देऊळ दिसतं, जोती दिसतात, माणसं आपापल्या घराची जागा शोधत फिरतात. तिथली ही मुलगी अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकली, नवऱ्यामागे तीन मुलं एकटीनं वाढवली आणि गातच राहिली. त्यांची मुलगी किशोरीताई आमोणकर आईच्या मागे तानपुरा घेऊन बसून शिकल्या. शिस्त कडक होती, त्यात लाड नव्हते. पण याच आईनं मुलीला अंजनीबाई मालपेकरांसारख्या दुसऱ्या गुरूंकडेही शिकू दिलं. मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळालं ते त्यांच्या स्वतःच्या गाण्याला. किशोरीताईंना ते मिळालं १९८७ साली. पुढे किशोरीताईंनी घराण्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकलं, त्यावर लोक भांडले, अजून भांडतात. मला वाटतं, आईचं गाणं आईपाशी भरलेलं होतं म्हणून मुलीला वेगळं गाता आलं. मुलीच्या मैफलीवर आईची मैफल अडून नव्हती.

गरजेची गोष्ट निराळी. आमच्या मंगेशीचे दीनानाथ १९४२ साली गेले तेव्हा लताबाई १२ वर्षांच्या होत्या, पाच भावंडांत थोरल्या. त्याच वर्षी त्या कामाला लागल्या, घर चालवायचं होतं म्हणून. वडिलांनी त्यांचं यश पाहिलंच नाही. तिथं कुणाला बोल लावायचा? पण धडधाकट बापानं, हातात कला असताना, स्वतःचा सगळा भार पोरीच्या गळ्यावर ठेवावा, हे मला पटत नाही. उद्या तो गळा बसला तर?

मुलांसाठी सगळं बाजूला ठेवणारे आईबाप मी कमी लेखत नाही. बुद्धिबळपटू गुकेशच्या वडिलांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकीची प्रॅक्टिस थांबवून मुलाबरोबर देशोदेशी प्रवास केला, घर आईच्या पगारावर चाललं. १८ व्या वर्षी तो जगज्जेता झाला. आणि तोच मुलगा २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या गोव्यात, बुद्धिबळ वर्ल्डकपच्या तिसऱ्याच फेरीत हरला. जगज्जेतासुद्धा हरतो, यात आक्रीत काहीच नाही. मोठ्यांच्या खेळात हे चालतं, मग आमच्या पोरीच्या घरी सुतक का?

पैशाचंही आहेच. विषय काढायला जीभ रेटत नाही, पण काढायला हवा. २०१७ च्या बालकामगार नियमांत १४ वर्षांखालच्या कलाकार मुलांसाठी स्पष्ट लिहिलंय: दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, मुलाच्या मर्जीविरुद्ध तर नाहीच. कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं ठेव म्हणून थेट जमा व्हायला हवा. आमच्या क्लासच्या पालकांपैकी कुणाला हे माहीत असेल असं वाटत नाही.

उद्या तिच्या घरी जाणार आहे. पैशाचं आधी बोलेन, कारण ते अवघड आहे. मग तिचा निरोप सांगेन, तिच्याच शब्दांत, तिच्यासमोर नको. आणि शनिवारी मुलांच्या भजनाला पेटीवर बसायला माझ्याकडे कुणी नाही, तुम्ही याल का, असं त्यांना विचारेन. खरोखरच कुणी नाही.