सांगली-मिरजेत जुना कॅमेरा घ्यायला जाताना: शटर मोजणारी डबी सोबत हवीच

सांगली आणि मिरजेच्या जुन्या फोटो स्टुडिओंत अजूनही चांगले फिल्म कॅमेरे पडून आहेत. लग्नसराईवर चाललेले हे स्टुडिओ. त्यांच्या मालकांनी पोटापाण्याचं हत्यार म्हणून कॅमेरे जपले. डिजिटल आल्यावर कातडी पेटीसकट कपाटात ठेवून दिले. मुंबई-पुण्यात हौशी मंडळींमुळे भाव चढलेत. इथे अजून माणूस बघून व्यवहार होतो. अशाच एका स्टुडिओतला यशिकामॅट-१२४जी हा दोन लेन्सचा, वरून बघायचा फिल्म कॅमेरा बघायला मी हिवाळ्यात सांगलीला गेलो. खिशात घरी बनवलेली शटर मोजायची (म्हणजे ते खरंच किती वेळ उघडं राहतं ते सांगणारी) डबी होती आणि सौदा ठरला तो तिच्यामुळेच. मागून जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पुण्याहून जाणाऱ्यांनी महालक्ष्मी एक्स्प्रेस धरावी. झोप थोडी मोडते, पण पहाटे सांगलीत उतरता येतं आणि कृष्णाकाठचा सकाळचा उजेड मिळतो. कोयना एक्स्प्रेस दिवसा जाते, त्यात दिवसाचा उजेड गाडीतच संपतो. स्टेशनवरून रिक्षानं थेट आयर्विन पुलावर या. स्टुडिओ दहा-साडेदहाशिवाय उघडत नाहीत, तोवरचा वेळ इथेच घालवावा.

आयर्विन पूल १९२९ सालचा. पूर आला की सगळी सांगली याच पुलाच्या पातळीवर डोळे लावून बसते: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घाटावर उतरून खालून पुलाच्या कमानी बघितल्या की त्या आकड्याचा अर्थ कळतो. सूर्य वर येताना कमानींच्या आतल्या बाजूला पाण्यावरून परतलेला उजेड हलतो. कृष्णधवल रोलवर तो फार सुंदर येतो. मी माझ्या झेनिट-ईवर थोडे फोटो घेतले. घाटावर आंघोळीला, पूजेला आलेले लोक असतात. आधी विचारा, मग कॅमेरा उचला.

आता स्टुडिओ. मालक सत्तरीच्या पुढचे. मित्राच्या वडिलांचे स्नेही, म्हणून मीही काका म्हणालो. पुराचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा माळ्यावर होतं ते वाचलं, खालचं सगळं गेलं. वाचलेल्यात हा यशिका, एक भारतात बनलेला आगफा क्लिक-थ्री आणि काही एनलार्जरच्या लेन्स. “बघा की निवांत, घाई कुठं आहे,” म्हणून त्यांनी चहा सांगितला आणि टेबल मोकळं करून दिलं.

पूर बघितलेल्या गावात कॅमेरा घेताना पहिली शंका फंगसची. पाणी कॅमेऱ्यापर्यंत पोचलं नसलं तरी त्यानंतरची ओल महिनोन्महिने भिंतीत राहते आणि बुरशीला तेवढं पुरतं. मागचं झाकण उघडा, शटर बी वर (दाबून धरलं तोवर उघडं राहणारं सेटिंग) ठेवून दाबून धरा, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारून लेन्समध्ये तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर फंगस आहे. कडेला थोडे असतील तर चित्रावर फारसा फरक पडत नाही आणि बऱ्याचदा ते साफही होतात. पण मधोमध असतील आणि काचेवर खरवडल्यासारखा डाग राहिला असेल, तर कोटिंग खाल्लं गेलंय. तो कॅमेरा कितीही स्वस्त असो, मी तरी घेणार नाही. या यशिकाच्या वरच्या लेन्समध्ये कडेला थोडे तंतू होते. वरची लेन्स फक्त बघण्यासाठी असते, फोटो घेते ती खालची, एफ/३.५ ची ८० मिलिमीटर यशिनॉन. ती स्वच्छ होती.

मग डबी काढली. साबणाच्या डबीत आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), एक फोटोट्रान्झिस्टर (उजेड टिपणारा सुटा भाग), १० किलोओहमचा रेझिस्टर आणि छोटा ओलेड डिस्प्ले, एवढंच. सगळं सामान हजार रुपयांच्या आत येतं आणि सोल्डरिंग येत असेल तर एका संध्याकाळी तयार होतं. काम सरळ आहे. फोटोट्रान्झिस्टर फिल्मच्या जागी, चौकटीच्या मधोमध धरायचा आणि लेन्ससमोर उजेड ठेवायचा. शटर उघडलं की उजेड पडून बोर्डाच्या पिनवरचा व्होल्टेज वर जातो, बंद झालं की खाली येतो. दोन्ही वेळा इंटरप्टमध्ये (बदल होताच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्यात) मायक्रोसेकंद टिपून वजाबाकी करायची. नॅनोचं घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यानं मोजतं. १/५०० सेकंद म्हणजे २००० मायक्रोसेकंद, म्हणजे अचूकता भरपूर झाली. एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा स्वस्त सेन्सर) मात्र वापरू नका. त्याला उजेडाची जाणीव व्हायलाच कित्येक मिलिसेकंद लागतात, वेगवान शटर त्याला कळतच नाही.

यात उजेड कोणता वापरता हे फार महत्त्वाचं आहे. बऱ्याच एलईडी टॉर्च कमी प्रकाशावर ठेवल्या की आतून भराभर चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण फोटोट्रान्झिस्टरला दिसतं आणि एका उघडझापीचे पाच-सहा तुकडे मोजले जातात. घरातला विजेचा दिवाही सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो, म्हणून १/६० च्या आसपासचे आकडे त्यावर बिघडतात. जुन्या फिलामेंट बल्बची सेलवरची टॉर्च उत्तम. ती नसेल तर दारातलं ऊन. काकांच्या दुकानाचं दार पूर्वेला होतं, आम्ही कॅमेरा उंबऱ्याशी नेऊन ठेवला.

आकडे असे आले. १/१२५ ला ८.३ मिलिसेकंद, हवे होते ८. १/२५० ला ४.४, हवे होते ४. १/५०० ला ३.१, म्हणजे खरा वेग साधारण १/३२०. एक सेकंदाला मात्र १.८ सेकंद, आणि मध्ये चाकांचा घरघर आवाज अडखळत होता. काका जवळ येऊन डिस्प्लेकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी अंदाजानं भरून काढलेला फरक त्यांना पहिल्यांदा आकड्यात दिसत होता. “पाचशेवर रोल जरा दाट यायचा, तो यामुळंच होय,” ते म्हणाले. त्यांचा अंदाज अगदी बरोबर होता: १/३२० म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड, आणि तेवढ्यानं निगेटिव्ह दाटच येते.

माझं ठाम मत आहे की जुन्या कॅमेऱ्याचं शटर चुकीचं असण्यानं काही बिघडत नाही. ते किती चुकतं आणि दर वेळी तेवढंच चुकतं का, हे माहीत हवं. १/५०० वर पुन्हा पुन्हा मोजून ३.१ च्याच आसपास आलं, म्हणजे तो वेग विश्वासाचा. हेच आकडे ३, मग ५, मग २ असे उड्या मारत असतील, तर पाती तेलकट झालीत, सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच किंमत बोला. मंद वेग अडखळणं या वयाच्या कॅमेऱ्यात नेहमीचं आहे. गिअरवरचं वंगण वाळलेलं असतं. पुन्हा पुन्हा चालवून ते थोडं मोकळं होतं, आमचं १.८ वरून १.३ वर आलं. जंग सोडवायचा स्प्रे शटरवर मारू नका, त्याचं तेल पात्यांवर पसरतं. सेल्फ-टायमरच्या खटक्यालाही हात लावू नका. तो अडकला तर त्याच्याबरोबर शटरही अडकून बसू शकतं.

किंमत इथे सांगत नाही, ती त्यांच्या-माझ्यातली. पण आकडे समोर असल्यामुळे घासाघीस झालीच नाही. दोघांनाही वस्तू काय आहे ते दिसत होतं.

१२४जी चा उजेड मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलवर चालतो आणि ते सेल आता बनत नाहीत. तिथे १.५ व्होल्टचा साधा बटण सेल घातला तर काटा चुकीचं सांगतो. उपाय मिरजेत आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी तिथे १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलपासून ही परंपरा चालत आली आहे. त्यामुळे श्रवणयंत्राचे सेल तिथे शोधावे लागत नाहीत. ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल मागा. तो १.४ व्होल्ट देतो आणि संपेपर्यंत जवळपास तेवढाच राहतो. आकारानं तो लहान पडतो, म्हणून नळाचा रबरी वायसर भोवती बसवा. वरचा कागद काढून पाच मिनिटं हवा लागू द्या, मग आत घाला. छिद्रं झाकू नका. एकदा कागद काढला की हा सेल काही आठवडे-महिने चालतो, म्हणून जोडीला एक न उघडलेला ठेवा. आत जुना मर्क्युरी सेल फुटलेला असेल तर हातमोजे घालूनच काढा.

सांगली-मिरज अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. सिटी बस किंवा वडाप (शेअर गाडी) सतत मिळतं. मिरजेत गेलात की सतारमेकर गल्ली चुकवू नका. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानांच्या पुढच्या भागातच काम चालतं: भोपळे वाळत टांगलेले, कुणी दांडी तासतोय, कुणी जवारी लावतोय (तारेचा नाद खुलावा म्हणून घोडी घासतोय). उजेड फक्त दारातून. माझ्याकडे बीएच१७५० सेन्सरचा घरी बनवलेला लाइट मीटरही होता. कारागिराच्या हाताजवळ त्यानं २०० लक्स (उजेडाचं एकक) दाखवले. ४०० आयएसओच्या रोलवर त्याचा हिशेब एफ/३.५ ला १/३० पडतो. हातात धरून हे जेमतेम जमतं. पोटावर टेकवून वरून बघायचा कॅमेरा असल्यानं थोडा आधार मिळतो, तरी छोटा ट्रायपॉड न्याच. हा सेन्सर बनवणाऱ्यांसाठी एक सूचना: नेहमीच्या सेटिंगवर तो साधारण ५४,६०० लक्सलाच थांबतो आणि भर दुपारचं ऊन त्याहून बरंच जास्त असतं. टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून वर बसवा आणि ऊन ८२,००० लक्स, १०० आयएसओला ईव्ही (एक्स्पोजरचा आकडा) १५, या मापावर जुळवून घ्या.

जवारी लावणाऱ्या माणसाचं लक्ष विचलित करू नये. तो कान देऊन काम करत असतो आणि यशिकाचं शटर शांत असलं तरी रोल पुढे सरकवायच्या क्रँकचा आवाज होतो. एक फोटो काढून मी थांबलो, त्यांनी तार छेडून बघितली, मान हलवली, मग पुढचा काढला. परवानगी विचारली तेव्हा कुणीही नाही म्हटलं नाही. प्रिंट पाठवायचं कबूल केलंत तर खरंच पाठवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरिपूर. सांगलीपासून जवळच, कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांसाठीही हे गाव ओळखलं जातं. संगमावर दुपारी ऊन कडक असतं, तिथे ४०० चा रोल असेल तर एफ/२२ ला १/२५० ठेवा. म्हणजे ज्या वेगावर कॅमेरा जास्त चुकतो त्या ५०० कडे जावंच लागत नाही. मोजमाप हाताशी असण्याचा प्रत्यक्ष फायदा मला इथे मिळाला. अख्खा रोल एकसारखा उतरला.

रोल सोबतच न्या, यशिकाला लागणारा १२० चा रुंद रोल तिथे मिळेल या भरवशावर राहू नका. धुवायलाही घरीच. मी इलफर्ड एचपी५ प्लस वापरला आणि आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशाला साडेसात मिनिटं धुतला. आपल्याकडे नळाचं पाणी हिवाळ्यातही २० च्या वर असतं. माठातलं पाणी आणि थोडा बर्फ घेऊन तापमान आणा. डेव्हलपर गरम राहिला तर वेळ पाच मिनिटांच्या खाली येतो आणि रोल पट्ट्यापट्ट्यांचा धुतला जातो.

घरी आल्यावर कॅमेरा कातडी पेटीत ठेवू नका, कातडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घ्या.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नदीकाठ टाळा. लग्नाच्या मुहूर्ताच्या दिवशी स्टुडिओत कुणाला वेळ नसतो आणि दुपारी एक ते चार बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा. डबीला नऊ व्होल्टची नवी बॅटरी घाला, टॉर्चचे सेल बदला, आणि निघण्याआधी घरच्या एखाद्या माहितीतल्या कॅमेऱ्यावर एकदा मोजून बघा.