सीएनएची परीक्षा आणि घरच्या शुश्रूषेची सवय

अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये, म्हणजे दीर्घकाळ शुश्रूषा लागणाऱ्यांच्या निवासी केंद्रात, वृद्ध आणि आजारी माणसांची दैनंदिन शुश्रूषा करण्यासाठी सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, ही पात्रता लागते. १९८७ च्या संघीय कायद्याने त्यासाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण ठरवून दिले. राज्ये त्यात भर घालू शकतात; कॅलिफोर्नियात ते १६० तासांचे आहे. परीक्षा लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दोन भागांत होते. सध्या मी तिची तयारी करीत आहे. सासूबाईंचे दीर्घ आजारपण मी पुण्यात घरीच निभावले होते, आणि तो अनुभव या अभ्यासात जितका उपयोगी पडतो, तितकाच आडही येतो.

घरी आपण विचारत नाही. वेळ झाली की स्पंजिंग करतो, समोर येईल तो गाउन घालतो, हात थरथरताना दिसला की घास भरवतो, आणि यालाच सेवा मानतो. येथे मात्र प्रत्येक कृतीच्या आधी आपले नाव सांगायचे, काय करणार आहोत ते समजावून सांगायचे, पडदा ओढायचा, पाणी पुरेसे कोमट आहे का हे त्या व्यक्तीलाच विचारायचे, आणि तिला स्वतःला जे करता येते ते तिलाच करू द्यायचे असते. नकार देण्याचा तिचा हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. त्यामुळे हातांना अवगत असलेले कामही मला नव्याने, तोंडाने बोलत करण्याचा सराव करावा लागतो. यजमान पलंगावर रुग्ण होऊन पडून राहतात आणि त्यांना बहुधा झोप लागते, ही अडचण वेगळीच.

अनेक राज्यांतील प्रात्यक्षिकात पाच कौशल्ये करून दाखवावी लागतात. हात धुणे त्यांत ठरलेलेच असते आणि एका कौशल्यात मोजमाप असते. बाकीची कोणती येतील हे आधी कळत नाही. काही पायऱ्या अशा असतात की त्यांतली एक जरी सुटली, तरी ते संपूर्ण कौशल्य नापास धरले जाते. म्हणून क्रम पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण लक्षात ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते. पक्षाघात झालेल्या माणसाला सदरा घालताना आधी दुबळा हात बाहीत घालायचा आणि काढताना आधी सशक्त हात मोकळा करायचा, कारण दुबळ्या हाताला ताण सोसत नाही. डोळे पुसताना आतल्या कोपऱ्याकडून बाहेर जायचे आणि दुसऱ्या डोळ्यासाठी कापडाचा स्वच्छ भाग घ्यायचा, म्हणजे एका डोळ्याचा संसर्ग दुसऱ्याला होत नाही. हात धुऊन झाल्यावर नळ कोरड्या कागदी टॉवेलने बंद करायचा, यामागेही हेच तत्त्व आहे. काम संपल्यावर पलंग खाली करणे आणि मदतीची घंटा हाताशी ठेवणे या गोष्टी मात्र घाईत हमखास राहून जातात, तेव्हा त्यांचा सराव वेगळा करावा.

मोजमापात नाडी आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याची सवय येथे चालत नाही. द्रवाची नोंद मिलिलिटरमध्ये होते, परंतु पेल्यांचे माप औंसात सांगितले जाते; म्हणून एक औंस म्हणजे ३० मिलिलिटर हे तोंडपाठ हवे. लघवी मोजताना भांडे सपाट जागी ठेवून डोळे मापाच्या पातळीवर आणावे लागतात.

लेखी भागाची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्यातील बरेच प्रश्न कामाच्या मर्यादेविषयी असतात: औषध द्यायचे नाही, निदान सांगायचे नाही, बदल दिसताच नर्सला कळवायचे.

खर्चाविषयी एक नियम मात्र ठाऊक असावा. ज्या नर्सिंग होममध्ये आपण नोकरीला आहोत, किंवा ज्याने नोकरी देऊ केली आहे, ते मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनांत सहभागी असल्यास या प्रशिक्षणाचे व परीक्षेचे शुल्क आपल्याकडून घेऊ शकत नाही; आणि स्वतः खर्च करून शिकलेल्या व्यक्तीला प्रशिक्षण संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत अशा ठिकाणी नोकरी मिळाली, तर त्या खर्चाच्या परताव्याची तरतूद राज्याने करावी लागते. तेव्हा पावत्या जपून ठेवाव्यात.