रंकाळ्याकाठचा आमचा स्टुडिओ: आमची वाटचाल

नमस्कार मंडळी, स्टुडिओ कधीपासनं आहे असं बरेच कस्टमर विचारतात म्हणून लिहितोय. आण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी १९८२ ला कोल्हापुरात रंकाळा तळ्याजवळ एक गाळा भाड्यानं घेतला, एक याशिका कॅमेरा आणि मागं जिन्याखाली डार्करूम, बास. मेन धंदा नवीन जोडप्यांचा. अंबाबाईचं दर्शन झालं की जोडपी रंकाळ्यावर यायचीच, भेळ खायची आणि तळ्यातला दगडी संध्यामठ नायतर पलीकडचा शालिनी पॅलेस मागं घेऊन फोटो काढायची. पॅलेस १९३१ ते ३४ मधला, त्याचा टॉवर पाण्यात उलटा दिसायचा, आण्णांना पडद्याचा खर्चच नव्हता.

जुन्या निगेटिव्ह जपून ठेवल्यात, त्यात फुलेवाडीच्या बाजूला नुसता ऊस आणि झाडी, आता तिकडं बिल्डिंगाच बिल्डिंगा. घरं वाढली ते ठीक, पण सांडपाणी श्याम सोसायटी, परताळा, देशमुख हॉल असल्या नाल्यांनी थेट तळ्यात उतरायला लागलं आणि मैला, साबणाचं ते पाणी म्हणजे केंदाळाला, जलपर्णीला हो, खतच की. केंदाळ काढलं तर शेवाळ धरतं, उन्हाळ्यात पाणी पोपटी. वास फोटोत येत नाही एवढंच नशीब!

पुढं रोलचा धंदा मोबाईलनं खाल्ला, प्रीवेडिंगनं आम्हाला तारलं, पण पार्टी म्हणते रंकाळा नको हो, पन्हाळ्याला जाऊया, म्हणजे गाडी, पेट्रोल, अख्खा दिवस. जे इथंच काढतात त्यांना पाणी निळं पाहिजे असतं, ते आमचा पोरगा फोटोशॉपमध्ये करून देतो, त्याचं जादा घेत नाही. आण्णांनी असा एक अल्बम बघून विचारलं, "हे कुठलं रे तळं?"

घरगुती गणपतींच्या विसर्जनाचे फोटो पण पूर्वी रंकाळ्यावर काढायचो, आता विसर्जनासाठी शेजारची इराणी खण, म्हणजे पाण्यानं भरलेली जुनी खाण, आहे, गर्दी तिकडं. ते बरंच झालं म्हणा, तळ्यावरचा तेवढा तरी भार कमी. संध्याकाळी फिरायला येणारी माणसं अजून आहेत, त्यांच्या पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनवर भाडं निघतं.

सध्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून देतोय, आईवडिलांचा रंकाळ्यावरचा फोटो पाहिजे म्हणून पुण्यामुंबईची पोरं फोन करतात. डब्यांवर फक्त महिना आणि साल आहे, त्यामुळं लग्नाची तारीख घेऊन या, साडीचा रंग सांगून उपयोग नाही, पहिले बरेच डबे ब्लॅक अँड व्हाइट आहेत.