कोरड्या नळीचा वास

मे महिन्यात रामबागेतले एक काका त्यांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी घेऊन माझ्या गॅरेजात आले. नाव पद्मिनी, पण इंदुरात सगळे तिला फियाटच म्हणतात. तक्रार एकच. "भाऊ, गाडीत पेट्रोलचा वास मारतो. कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाला." आधीच्या दोन गॅरेजांनी किट बदललं होतं, नीडल व्हॉल्व्ह नवा टाकला होता. वास जिथल्या तिथे.

अशी गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी मी विचारतो, वास येतो कधी? इंजिन गरम असताना बंद केल्यावर दहा मिनिटांनी बॉनेटपाशी आला, तर बहुतेक वेळा फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतलं, पेट्रोल उकळत असतं. आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशांत तेवढं होणारच. डिपस्टिकला पेट्रोलचा वास असेल आणि ऑइलची पातळी चढली असेल, तर एसी पंपाचा, म्हणजे इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा, डायफ्रॅम (आतला पडदा) फाटलेला असण्याची शक्यता मोठी. मग ती गाडी चालवायचीच नाही, पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंगं जातात.

काकांचं उत्तर या दोन्हींत बसत नव्हतं. टाकी फुल केली की दोन-तीन दिवस मागच्या सीटवर वास, वळणावर जास्त. टाकी अर्ध्यावर आली की तो बंद. दुसरं, सकाळी घरच्या गॅरेजचं दार उघडताना हलका वास, आणि तो मात्र टाकी भरलेली असो वा रिकामी, रोजचाच. दोन्ही गोष्टी एकाच जागी घडणं शक्य नव्हतं.

पद्मिनीची टाकी डिकीतच असते आणि डिकी नि मागची सीट यांच्यामध्ये पुठ्ठ्याचं पॅनल, त्यामुळे डिकीतली वाफ सरळ आत येते. मागच्या काचा उघड्या ठेवून चालवलं की आणखी ओढली जाते. डिकी रिकामी केली, आतलं फेल्टचं अस्तर काढलं. टाकीवर बसवलेल्या पेट्रोल गेजच्या युनिटची प्लेट स्पिरिटने पुसली आणि भोवती खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून ब्रशने लावली. वाळल्यावर पांढरीशुभ्र झाली. टाकी काठोकाठ भरून दोघांनी मागचा बंपर धरून गाडी डोलवली. पाच मिनिटांत प्लेटच्या एका कडेला, दोन स्क्रूंच्या मध्ये, नखाएवढी करडी चंद्रकोर उमटली. बाकी वर्तुळ पांढरंच.

पुढचं काम बाहेर, मोकळ्या हवेत. पिटवर हे कधीच करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, खड्ड्यात साचते, आणि हवेत साधारण दीड टक्का मिसळली तरी एका ठिणगीला पुरते. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, आग विझवायचं डीसीपीचं (कोरड्या पावडरचं) सिलिंडर हाताशी ठेवलं, 20 लिटर पेट्रोल हातपंपाने जमिनीवर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात उतरवलं. प्लास्टिकच्या कॅनमध्ये स्टॅटिक साठतं, म्हणून पत्राच.

प्लेट उचलली तर खालचं कॉर्कचं गॅस्केट बिस्किटासारखं तुटलं. कॉर्क वाळून आकसला होता, त्यात कुणीतरी स्क्रू जास्त आवळल्याने प्लेट दोन स्क्रूंच्या मध्ये कमानीसारखी उचलली गेली होती. जितकं आवळावं तितकं मधून जास्त गळणार. प्लेट सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ केली, पेट्रोलला टिकणाऱ्या व्हायटन रबराचं गॅस्केट कापलं आणि प्रत्येक स्क्रूखाली तांब्याचा वॉशर घातला. स्क्रू टाकीच्या आत उतरतात, वॉशर विसरला तर पेट्रोल आट्यांवरून वर चढतं. समोरासमोरचे स्क्रू पाळीपाळीने आवळले.

राहिला सकाळचा वास. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची रबरी नळी आधीच्या गॅरेजने नुकतीच बदलली होती. काळीभोर, कुठे भेग नाही, एक थेंब नाही. कोरडी आहे म्हणूनच तिच्यावर कुणाचा संशय गेला नसावा. धुतलेलं सुती फडकं घेतलं, नळीच्या मधल्या भागावर पाच-सहा वेळा घासलं आणि बाहेर जाऊन हुंगलं. फडक्याला लख्ख पेट्रोलचा वास. काकांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "अहो, ही तर नवीच आहे!"

नवी होती, पण साधी हवेची नळी. अशा रबरातून पेट्रोल थेंबाने गळत नाही, वाफेने पाझरतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने हे पाझरणं वाढतं आणि रबर आतून फुगतं. नळीवर एसएई जे30 आर9 असा, म्हणजे पेट्रोलच्या नळीच्या दर्जाचा, छाप पाहूनच घ्यावी. तिच्या आत फ्लुओरोरबराचं अस्तर असतं. 8 मिलिमीटरची टाकली आणि क्लिपाही बदलल्या, कारण खाचांच्या साध्या क्लिपा रबर कापतात. गुळगुळीत पट्टीच्या वापरल्या.

टाकी पुन्हा फुल करून भंवरकुवांवरून राऊ, महू असा फेरा मारला. परत येईपर्यंत मागच्या सीटवर काहीच नाही. चौथ्या दिवशी काकांचा फोन, "भाऊ, डिकी उघडली की अजून येतो." खडू कोरडा, फडकं कोरडं, दोन्हींना वास नाही. मग फेल्ट हुंगलं. वर्षभर वाफ पिऊन बसलं होतं. दोन दिवस गच्चीवरच्या उन्हात टाकलं, टाकीला लागून असलेला हातभर तुकडा मात्र कापून फेकावा लागला.