उडालेला ट्रान्झिस्टर बदलण्याआधी

गुरुजनांच्या आठवणी या स्मरणिकेत पुष्कळ येतील. मला शाळेतला ओहमचा नियम (व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपिअर) ॲम्प्लिफायर दुरुस्त करताना आजही कामाला येतो, तेव्हा त्याच्याबद्दलच लिहितो.

श्रावण सरत आला की बेळगाव-खानापूर भागातल्या मंडळांचे ॲम्प्लिफायर माळ्यावरून खाली उतरतात आणि निम्मे मुकेच निघतात. आपल्याकडच्या पावसात सॉकेट हिरवी पडतात, प्रीसेटचा, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरचा, ट्रॅक गंजतो. फ्यूज उडाला म्हणून त्यात जाड तार घालणारा शहाणा प्रत्येक मंडळात असतोच. फ्यूज उगाच उडत नाही.

प्लग काढा. मोठे फिल्टर कपॅसिटर १०० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून काही सेकंद रिकामे करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. मग २एन३०५५ चे, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या आउटपुट ट्रान्झिस्टरचे, कलेक्टर-एमिटर मीटरवर बघा (तिसरे टोक बेस). दोन्ही बाजूंनी शून्याजवळ दाखवले तर तो शॉर्ट. खात्रीसाठी सर्किटमधून काढूनच तपासा. चांगल्या ट्रान्झिस्टरला लाल पिन बेसवर ठेवली की एमिटर आणि कलेक्टर दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा येतो, पिना उलट केल्या की काहीच नाही.

नवा लावून लगेच चालू करण्यातच घात आहे. जुना जाताना बरेचदा ०.४७ ओहमचा एमिटर रेझिस्टर आणि ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा आधीचा ट्रान्झिस्टरही, घेऊन जातो. सगळी साखळी तपासा. बायसचा, म्हणजे आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट ठरवणारा, प्रीसेट तर बदलूनच टाका: बऱ्याच सर्किटमध्ये त्याचे सरकते टोक सुटले की बायस एकदम वाढतो आणि नवी जोडीही क्षणात जळते. या ट्रान्झिस्टरचा धातूचा डबा म्हणजेच कलेक्टर, त्यामुळे त्याला हीटसिंकपासून विजेने वेगळा ठेवणारा खालचा अभ्रक फाटका नको. पेस्ट लावून आवळल्यावर डबा आणि हीटसिंक यांच्यात मीटरने काहीच दाखवता कामा नये.

आता ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब फेजमध्ये सिरीजला जोडा. एलईडी चालणार नाही. स्पीकर अजून लांबच. चालू करताच बल्ब भपकन पेटून मंदावला तर ठीक; तसाच प्रखर राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. दुहेरी (प्लस आणि मायनस) सप्लायच्या सर्किटमध्ये आउटपुटवर ५० मिलिव्होल्टहून कमी डीसी हवा. तिथे ३५ व्होल्ट राहिले आणि ८ ओहमचा स्पीकर जोडला, तर भागाकार करून बघा: चार अँपिअरहून जास्त! कॉइल भाजलीच म्हणून समजा.

बल्ब काढून, प्रीसेट कमीत कमी बायसवरून हळूहळू फिरवत, ०.४७ ओहमवर १० मिलिव्होल्ट आणा, म्हणजे साधारण २० मिलिअँपिअर. अर्धा तास चालवून पुन्हा मोजा. आकडा चढतच असेल तर बायसचा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट टेकलेला नाही. तो आवळल्याशिवाय मंडळाच्या हाती सेट देऊ नका.